डोलकाठीखालचा बीम चिरलाय, नवा लाकडी बीम घरी बांधता येईल का?

तळ्यातला_तांडेल | ९ मार्च

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतोय.

मुक्काम कॅनडा, ऑन्टारियो तळ्याच्या काठी, टोरांटोपासून तासाभरावर. मागच्या वर्षी एक जुनी शिडाची बोट घेतली. २६ फुटी, १९६७ सालची, फायबरग्लासची, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ५०-६० वर्षांत चार मालकांनी तिला काय काय केलं असेल, त्याचं पाप एकाच्या माथी कशाला?

डोलकाठी डेकवर उभी आहे, आत खाली उतरत नाही. डेकच्या पोटाला, केबिनच्या मधल्या वाटेवर एक आडवा लाकडी बीम आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब. काठीचं ओझं या तिघांवर.

सुरुवात शौचालयाच्या दारापासून झाली. धक्क्यावर ते नीट लागायचं, पण वारा भरून बोट कलली की चौकटीत घट्ट अडकायचं. मला वाटलं हवेतल्या दमटपणाने फुगलंय. जुलैत वरच्या कडेला रंधा मारला, ऑगस्टमध्ये पुन्हा मारला. एकूण पाचेक मिलिमीटर लाकूड गेलं. ऑक्टोबरात बोट पाण्याबाहेर काढली, क्रेनने काठी उतरवली, आणि त्याच दाराच्या वर करंगळी जाईल एवढी फट! म्हणजे दार फुगलं नव्हतंच, वरून छप्पर दाबत होतं.

आतलं अस्तर काढलं. बीम पट्ट्या चिकटवून केलेला आहे, रुंदी ३ इंच, उंची अडीच. खालच्या दोन पट्ट्या मधोमध आडव्या चिरल्यात, बोल्टभोवती काळं पडलंय. डेक मध्यभागी ९ मिलिमीटर खाली बसलंय (दोरी ताणून मोजलं). खांबांमधलं अंतर २२ इंच.

प्रश्न असे: लाकूड कोणतं? अखंड की पट्ट्यांचं? गोंद कोणता? की सरळ लोखंडी पट्टी ठोकून मोकळा होऊ? मेच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात जायची आहे. हाताशी एक छोटं गॅरेज आणि बेताचीच हत्यारं.

कडवा_वाल | ९ मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या दाराची आधी माफी मागा.

(बाकी बोटीतलं काही कळत नाही, पण बसलोय.)

रंधा_आणि_मी | १० मार्च

तांडेल भाऊ, पट्ट्यांचाच करा. अखंड लाकडातून कमान कापलीत तर टोकांकडे लाकडाची रेष तिरकी तुटते आणि नेमकी तिथेच चीर जाते. पट्ट्या वाकवून चिकटवल्या की रेष कमानीबरोबर वळते. शिवाय एका पट्टीत गाठ असली तरी शेजारची सांभाळून घेते.

पट्टी पाव इंचाची घ्या. आधी फळीवर डेकच्या पोटाचा बाक काढून साचा करा, त्यावर मेणकापड किंवा प्लास्टिक, नाहीतर बीमबरोबर साचाही कायमचा तुमचा. लोक विचारतात, क्लॅम्प काढल्यावर बीम उलटा उमलत नाही का? उमलतो, पण पट्ट्यांच्या संख्येच्या वर्गाच्या हिशेबात कमी कमी. दोन-तीन जाड पट्ट्या असतील तर चांगलाच उघडतो, पंधरा-अठरा असतील तर काडीइतका.

लोखंडी पट्टी नको. डेकखाली ओल धरणार, गंज सुटणार, आणि चिरलेलं लाकूड त्याच्या आड आणखी दहा वर्षं कुजत राहणार.

निवांत_नाना | १० मार्च

लाकूड साग! दुसरा विचारच नको. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची एचएमएस त्रिंकोमाली बांधली, १८१७ साली पाण्यात सोडली, ती आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. दोनशे वर्षं! तुमचा ओकबीक राहू द्या.

रंधा_आणि_मी | १० मार्च

नाना, दंडवत, पण त्रिंकोमालीचे वासे गोंदाने चिकटवलेले नव्हते. सागात तेल असतं. पट्ट्या चिकटवायच्या तर ताजा रंधा मारून, ॲसिटोनने पुसून, लगेच गोंद लावावा लागतो. कामात हयगय झाली की जोड पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय टोरांटोत सागाचा भाव ऐकून तांडेल भाऊ बोटच विकतील.

निवांत_नाना | ११ मार्च

तेही खरंच म्हणा. 🙂

बीम_बाई | ११ मार्च

पोटापाण्यासाठी हेच करते (इमारतींचं, बोटींचं नाही), म्हणून राहवलं नाही. आधी ओझं काढू या. काठीवरचा दाब म्हणजे काठीचं वजन नव्हे. काठी तुम्ही दोघं खांद्यावरून नेत असाल. दाब येतो तारांमुळे. वारा बोटीला कलवतो, बोट सरळ व्हायला बघते, त्या ओढाताणीत वाऱ्याकडची तार काठीला खाली खेचते.

जुन्या नौकारचनाकारांचा ठोकताळा असा आहे: ३० अंश कलल्यावर बोटीचा सरळ होण्याचा जोर घ्या, त्याला २.७८ ने गुणा, आणि काठीपासून बाजूच्या तारेच्या डेकवरच्या जागेपर्यंतच्या अंतराने भागा. तुमच्या वजनाच्या बोटीला तो जोर अंदाजे ८०० किलो-मीटर (म्हणजे किलो गुणिले मीटर) धरला आणि अंतर १.१ मीटर, तर दाब होतो २,००० किलो. म्हणजे जवळजवळ अख्खी बोट त्या २२ इंचांच्या मधोमध उभी आहे असं समजा.

आता तुमचा जुना बीम. ३ रुंद, अडीच उंच. खालच्या कडेवर ताण येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे ५५० किलो. बीम पांढऱ्या ओकचा धरू. सुकलेला, निर्दोष पांढरा ओक प्रयोगशाळेत साधारण १,००० ला मोडतो. पण ते झटक्यात मोडताना. वर्षानुवर्षं ओझं राहिलं तर लाकूड त्याच्या साधारण ६० टक्क्यांवरच हार मानतं, आणि ते ओलं असेल तर त्याहून लवकर. तुमचा बीम इतकी वर्षं टिकला याचंच मला नवल वाटतंय. पूर्ण जोराचा वारा रोज नसतो, म्हणून निभावलं असेल.

रुंदी वाढवून फारसं हाती लागत नाही, उंची वाढवा. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि वाकणं आठवा हिस्सा. ५ इंच करा.

तळ्यातला_तांडेल | १२ मार्च

बीम_बाई, काय सांगू, प्रिंट काढून गॅरेजात चिकटवलंय. पण ५ इंच केला तर वाटेत डोकं आपटतं. पुठ्ठ्याचा बीम करून लावून पाहिला. माझं डोकं जेमतेम सुटलं, बायकोने कपाळ बडवून घेतलं (तिची उंची माझ्यापेक्षा जास्त, हा धाग्याचा विषय नाही). साडेचार चालेल का?

बीम_बाई | १२ मार्च

साडेचारला ताण १७० वर येतो, आणि पूर्ण ओझ्याखाली बीम वाकेल ०.६ मिलिमीटर. जुना पावणेचार वाकत होता, तोही धडधाकट असताना. चालेल. ताईंना सॉरी सांगा.

उत्तरवारा | १२ मार्च

मी ऑकलंडला बोटी धुतो, म्हणजे खरंच धुतो, नोकरी आहे. ओक घेणार असाल तर एक सांगतो. वखारीत 'ओक' एवढंच म्हणू नका. लाल ओक आणि पांढरा ओक वेगळे. लाल ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघतं. पांढऱ्याच्या नळ्यांत आतून बुचं बसलेली असतात, म्हणून तर दारूची पिंपं पांढऱ्याची करतात. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. पट्टीचं एक टोक पाण्यात बुडवा, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंका. बुडबुडे आले की तो लाल.

तळ्यातला_तांडेल | १७ मार्च

उत्तरवारा, तुमच्या पाया कुठे पडू?

वखारीतून चार फळ्या आणल्या, चारही 'पांढरा ओक' म्हणून बिलावर. प्रत्येकीतून बोटभर जाडीची, वीतभर लांबीची काडी कापली आणि स्वयंपाकघरात ग्लासात पाणी घेऊन बसलो. पहिलीत गाल फुगले, डोळे बाहेर आले, बुडबुडा एक नाही. दुसरीत तेच. तिसरीत फुंकर मारली आणि ग्लासात सोडावॉटर! लेक म्हणाली, बाबा मला पण. चौथीतही बुडबुडे. शेजारी शेजारी ठेवल्या तर रंगात मला काडीचा फरक दिसत नव्हता.

त्या दोन लालपैकी एकच बदलून मिळाली. दुसरी परत घेतली नाही, ती पडून आहे.

आता गोंद. इथले जुने लोक रेसॉर्सिनॉल म्हणतात, तरुण लोक इपॉक्सी.

रंधा_आणि_मी | १७ मार्च

रेसॉर्सिनॉल पाण्याला फार पक्कं, यात वाद नाही. पण त्याला जोड तंतोतंत लागतो, दाब जबरदस्त लागतो, आणि हवा २१ अंशांच्या वर. तुमच्या मार्चमधल्या गॅरेजात ते जमेल असं वाटत नाही. इपॉक्सी घ्या, सावकाश सुकणारं.

दोन्ही पृष्ठांना आधी नुसतं पातळ इपॉक्सी पाजा. लाकूड प्यायचं तेवढं पितं. मग सिलिका पावडर घालून शिकरणीइतकं दाट केलेलं लावा. ओक घट्ट लाकूड आहे, म्हणून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने ओरखडे काढून घ्या. आणि क्लॅम्प आवळताना जोर दाखवू नका! फटीतून बारीक मणी बाहेर आले की थांबा. सगळं इपॉक्सी पिळून काढलंत तर कोरडा जोड उरतो. अर्धे बीम मोडतात ते क्लॅम्पवाल्याच्या पराक्रमाने.

तळ्यातला_तांडेल | २५ मार्च

अहवाल. १८ पट्ट्या, १७ जोड, २२ क्लॅम्प (त्यातले १३ उसने). गॅरेजात १२ अंश, म्हणून प्लास्टिकचा तंबू आणि आत तेलाचा हीटर. तंबूत २० पर्यंत नेलं.

पहिला डबा फुकट गेला. एकदम सगळं इपॉक्सी कालवलं आणि पट्ट्या क्रमाने लावल्यात का ते बघत बसलो. दहा मिनिटांत डबा हातात धरवेना, मग धूर, मग आत पिवळा दगड. ढिगाने ठेवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने उकळतं. दुसऱ्या वेळी पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं कालवलं, बायको रोलर फिरवत होती आणि मी पट्ट्या रचत होतो. दीड तास. मधल्या तीन पट्ट्या साबणासारख्या सटकल्या, त्या बाजूंना ठोकळे लावून सरळ केल्या.

तिसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले. ६ फुटांवर २ मिलिमीटर उमलला, बस. कडेला रंधा मारल्यावर अठरा रेघा दिसल्या, पुस्तकाच्या पानांसारख्या. दहा मिनिटं नुसता हात फिरवत होतो. एका कडेचा तुकडा तोडून पाहिला, हातोड्याने. लाकूड फाटलं, जोड नाही.

कडवा_वाल | २५ मार्च

फोटो नसेल तर धागा पाळला जाणार नाही.

निवांत_नाना | २६ मार्च

अभिनंदन! नारळ फोडा.

खाडीकाठ | २८ मार्च

धागा आज बघितला. बीम छान झाला असणार, हात तुमचा चांगला दिसतो. पण मला एक विचारायचं आहे. ते दोन खांब कशावर उभे आहेत?

आमचं घर देवगडकडे, आजोबांच्या वेळेपर्यंत घरात होड्या बांधायचं काम. आमच्याकडे डोलकाठी डेकवर उभी करत नाहीत. ती आत उतरते आणि पठाणावर, म्हणजे तळाच्या मुख्य वाशावर बसते. वरचं आडवं लाकूड तिला डुलू नये म्हणून धरतं. आजोबा म्हणत, "पेलता ता पठाण. आडव्या लाकडान नुसता धरूचा." तुमच्या बोटीत आडव्यालाच पेलायला लावलंय. ठीक आहे, रचना तशी आहे. पण पेललेलं ओझं शेवटी तळाला पोचलं पाहिजे ना? २,००० किलोंतले हजार-हजार किलो त्या खांबांच्या पायाखाली जातायत. तिथे काय आहे?

आणखी एक. तुमचं तळं गोड्या पाण्याचं. खारं पाणी लाकूड मुरवतं, गोडं कुजवतं. आमच्या होड्यांना पावसाच्या पाण्याचीच भीती जास्त.

बीम_बाई | २८ मार्च

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. बीमचा हिशेब करताना टेकू पक्के धरले आणि पुढे गेले.

तळ्यातला_तांडेल | २८ मार्च

खांब केबिनच्या फरशीवर उभे आहेत. फरशी भक्कम वाटते. शनिवारी जाऊन बघतो.

तळ्यातला_तांडेल | २ एप्रिल

चार दिवस लिहावंसं वाटलं नाही.

फरशीचा तुकडा कापला. उजव्या खांबाखाली तळाला चिकटवलेला प्लायवुडचा ठोकळा आहे, वरून फायबरग्लासचं कातडं. ठोकून पाहिला, टणक आवाज. डाव्याखाली तसाच ठोकळा, तसंच कातडं. ठोकला तर 'टक' नाही, 'थप'. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला चहात बुडवलेल्या पावासारखा काळा लगदा. वास अजून नाकात आहे.

म्हणजे डावा खांब वर्षानुवर्षं खाली खचत होता आणि बीम एका टेकूवर पिळला जात होता. नीट पाहिलं तर चिराही मधोमध नाहीत, डावीकडे कललेल्या आहेत. पहिल्याच दिवशी मी 'मधोमध' लिहून टाकलं होतं.

कडवा_वाल | २ एप्रिल

म्हणजे बीमसुद्धा संन्यासीच?

बीम_बाई | २ एप्रिल

अर्धा संन्यासी. ५५० चा ताण होताच, तो कधीतरी मोडलाच असता. पण नवा साडेचार इंची बीम त्या लगद्यावर बसवला असता तर बीम शाबूत राहिला असता आणि डेक तरीही खचलं असतं.

ठोकळा काढून परत प्लायवुड घालू नका. आणि खांब थेट तळाच्या पातळ कातडीवरही टेकवू नका, बोचेल. दोन्ही खांबांना मिळून एकच आडवा तुळवटासारखा तुकडा करा, तळाच्या आकाराला बसवलेला, म्हणजे ओझं पसरेल.

पाणी आलं कुठून ते शोधलंत का?

तळ्यातला_तांडेल | ६ एप्रिल

शोधलं. काठीच्या बैठकीचे चार बोल्ट डेकमधून आरपार आहेत, आणि काठीवरच्या दिव्याच्या वायरीचं भोक त्यांच्या शेजारी. पाणी बोल्टमधून डेकच्या गाभ्यात (फायबरग्लासच्या दोन कातड्यांमधल्या लाकडी थरात), तिथून बीमवर, बीमवरून डाव्या खांबाच्या मागून ओघळून तळाशी. खांबाच्या मागे तपकिरी ओघळाची रेघ स्पष्ट आहे, इतके दिवस ती मला सावली वाटत होती.

काठीखालचा डेकचा गाभाही गेलाय, फूटभर गोल. तो खरवडून काढला, आता तिथे भरीव फायबरग्लास भरतोय, थरावर थर. बोल्टची भोकं मोठी पाडून दाट इपॉक्सीने बुजवली, सुकल्यावर त्यातच नेमकी भोकं पाडली. आता बोल्ट गळला तरी पाणी लाकडाला शिवणार नाही.

उत्तरवारा | ६ एप्रिल

हे शेवटचं वाक्य सोन्याचं. मी धुतो त्या निम्म्या बोटींचं दुखणं हेच आहे. वायरीचं भोक मात्र डेकवर नळी उंच काढून तिच्यातून न्या, सपाट भोकाला सील किती दिवस पुरणार?

तळ्यातला_तांडेल | २० एप्रिल

तळाचा तुळवट पांढऱ्या ओकचा, चहूबाजूंनी इपॉक्सीत मढवलेला, वरून काच-कापडाचे चार थर देऊन तळाला बांधला. खालून पाणी वाहून जायला मधे खाच ठेवली. खांब नवे. खांबाच्या पायात आणि तुळवटात ६ मिलिमीटरची जी-टेन फायबरग्लासची चकती, म्हणजे खांबाचं कापलेलं टोक ओल पिणार नाही.

डेक उचलायला बॉटल जॅक, त्यावर लाकडाचा ओंडका, वर उशीसारखी फळी. रोज सकाळी कामाला जाण्याआधी पाव फेरा. पहिले दोन दिवस काहीच हललं नाही, तिसऱ्या दिवशी 'कट्' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. काही मोडलं नव्हतं, जुना गोंद सुटला होता. आठव्या दिवशी दोरी सरळ. मग बीम खालून सरकवला, वर दाट इपॉक्सीचा थर देऊन डेकच्या पोटाशी भिडवला, सुकल्यावरच जॅक काढला.

जॅक काढल्यावर डेक अर्धा मिलिमीटर उतरलं. बीम_बाई, नोंद घ्या.

बीम_बाई | २० एप्रिल

घेतली. काठी चढल्यावर पुन्हा मोजा.

तळ्यातला_तांडेल | ११ मे

४ मेला बोट पाण्यात, ६ ला काठी चढली. तारा एकदम आवळल्या नाहीत, तीन दिवसांत थोड्या थोड्या. काल पहिल्यांदा वारा मिळाला, बोट वीसेक अंश कलली, वाऱ्याआडची तार सैल पण लोंबत नव्हती. बायको सुकाणूवर होती. मी आत जाऊन दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. ती वरून ओरडली, पोट बिघडलंय का तुझं?

अडकत नाही. दोरीवर खचलेलं काही नाही, निदान माझ्या पट्टीला दिसत नाही.

खाडीकाठ, आजोबांचं वाक्य बीमच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, अस्तर लावण्याआधी. देवनागरीत. पुढच्या मालकाला काय वाटायचं ते वाटो.

खाडीकाठ | ११ मे

आजोबांना बोटीवर जागा मिळाली, तीही ऑन्टारियोत! घरी वाचून दाखवलं.

निवांत_नाना | १२ मे

आणि नारळ?

तळ्यातला_तांडेल | १२ मे

फोडला, नाना. धक्क्यावरच्या गोऱ्या काकांनी खोबरं मागून खाल्लं.

एकच काम राहिलंय. मी रंधा मारला त्या दाराला वर पाच मिलिमीटरची फट आहे. रात्री नांगरावर असलो की लाटेबरोबर ते खटखट वाजतं, झोप लागत नाही. वरून एक पट्टी चिकटवायची आहे. गॅरेजात लाल ओकची एक फळी पडूनच आहे, तीच कापतो.